कोब्याचा ढाळ

त्या गॅरेजमध्ये ब्रेकचे काम पूर्ण झाले असे कोणी तोंडाने सांगत नसे. काम संपले की ज्याने ते केले तो गाडीत बसे, आणि ज्याने त्याला शिकवले तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला, गाडीच्या अगदी समोर, हात मागे बांधून उभा राही. गाडी सुटे, वेग घेई आणि थांबे. उभ्या राहिलेल्या माणसाने मान हलवली की काम पास झाले. सगळी आळी ज्यांना मामा म्हणत असे ते गॅरेजचे मालक कित्येक वर्षे असे उभे राहत आले होते, आणि त्यांचे मोजमापही त्यांचेच होते. शर्टाचे बटण आणि बंपर यांच्यामधून वारा जाईल एवढी जागा उरली तर ब्रेक उत्तम. माणूस जाईल एवढी उरली तर ब्रेक भित्रा. शेजारचा टायरवाला म्हणे की वयाबरोबर मामांचे पोट सुटत गेले, म्हणून यांच्याकडचे ब्रेक दरवर्षी सुधारत गेले.

या माणसापुढे गाडी चालवून जिने सर्वांत जास्त वेळा ब्रेक दाबला ती त्यांची सख्खी भाची. तिला सगळे चिमटी म्हणत. शाळा सुटल्यावर, आईची शिलाईची पाळी संपेपर्यंत, ती मामाच्या गॅरेजमध्ये बसत असे. इंजिनाच्या खाचेत नट पडला आणि कोणाचाच हात आत जाईना, की मामा तिला हाक मारत. हात मोठे झाले तरी नाव राहिले, आणि नावाबरोबर तीही राहिली. लग्न झाले, नवरा दूरच्या बंदरात क्रेन चालवत असे आणि सुट्टीला घरी आला की मामांच्या भाषेत ‘सर्व्हिसिंगला’ येत असे. मामा आणि मामींना मूलबाळ नव्हते. आपल्यानंतर गॅरेज चिमटीचे, हे मामांनी कधी बोलून दाखवले नव्हते. मात्र शटरची एक किल्ली त्यांनी फार पूर्वीच तिच्या हाती दिली होती.

जुन्या काळी मेकॅनिकची पात्रता एका प्रश्नात संपत असे : कोणाच्या हाताखाली शिकलास? उत्तरात आलेल्या नावावरून गिऱ्हाईक ठरवत असे की गाडी सोडायची की न्यायची. या व्यवस्थेत ज्ञान माणसाला चिकटलेले असते, आणि त्या माणसाच्या खोडी, लकबी व समजुतीही त्या ज्ञानाबरोबरच पुढे जातात. शिकणाऱ्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत, कारण त्या वेगळ्या आहेत हेच त्याला ठाऊक नसते. बिनचालकाच्या गाड्या आल्या आणि हा प्रश्न अपुरा पडला.

टेकडीवरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीने आपल्या जुन्या व्हॅन काढून अशा गाड्या आणल्या. स्टिअरिंग नाही, पेडल नाही, समोरासमोर दोन बाके आणि पुढच्या काचेच्या वरच्या कडेला आतून बसवलेला कॅमेरा. मामांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “ड्रायव्हर नाही, मग शिव्या कुणाला द्यायच्या?” पण हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. वसाहतीच्या व्हॅनवरच गॅरेज चालत आले होते, आणि नव्या गाड्यांना हात लावण्याचा अधिकार पात्रता-प्रमाणपत्र असलेल्या मेकॅनिकलाच होता. असा मेकॅनिक इथे मिळाला तर देखभाल इथे, नाहीतर गाड्या शहराबाहेरच्या मोठ्या केंद्रात जाणार, हे वसाहतीच्या व्यवस्थापकाने गोड शब्दांत पण स्पष्ट सांगितले होते. चिमटीने परीक्षेला बसायचे ठरवले.

अभ्यासक्रमाचे तीन भाग होते. पहिला विजेचा. गाडीच्या पोटातली बॅटरी माणूस मारू शकेल इतक्या दाबाची. तेव्हा तिची जोडणी आधी तोडायची, ती तुटली आहे याची खात्री करायची, रबरी हातमोजे घालायचे आणि मगच पाना उचलायचा. मामा म्हणाले, आयुष्यभर तुला हात काळे करायला शिकवलं, आता ही मंडळी हात झाकायला शिकवणार. दुसरा भाग गाडीच्या ज्ञानेंद्रियांचा : कॅमेरा, रडार, आणि त्यांच्याकडून आलेल्या माहितीवरून गाडी काय निष्कर्ष काढते ते. हा भाग तिला फार आवडला. काच बदलली, कॅमेरा केसभर जरी हलला, तरी गाडीला जग पुन्हा नव्याने दाखवावे लागते. त्यासाठी काळ्यापांढऱ्या चौकोनांचा एक मोठा फलक गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर उभा करायचा. कॅमेरा तो पाहतो आणि समोर म्हणजे कुठे, सरळ म्हणजे काय, हे शिकतो. याला कॅलिब्रेशन म्हणत. गॅरेजमध्ये याचे नाव ‘नंबर काढणे’ असे पडले, चष्म्याच्या दुकानावरून.

तिसरा भाग सर्वांत लहान आणि सर्वांत कठीण. उमेदवाराने स्वतःच्या गॅरेजमध्ये एक संपूर्ण काम करायचे, परीक्षकाने येऊन ते तपासायचे, आणि शेवटी उमेदवाराने एका वाक्याखाली सही करायची : ही गाडी माणसांमध्ये सोडण्यास योग्य आहे. पहिल्या वेळी चिमटी या भागात नापास झाली होती. घाईत एक जोडणी अर्धी बसली होती आणि तिने सही केली होती. नियमाप्रमाणे एक संधी उरली होती. ती गेली तर पुन्हा पहिल्या भागापासून सुरुवात करावी लागणार, आणि तेवढा काळ वसाहत थांबणार नव्हती.

त्या दिवशी दुपारी परीक्षक येणार होत्या. काम होते वसाहतीच्याच एका गाडीची तडकलेली पुढची काच बदलण्याचे. चिमटीने सकाळीच ते उरकले होते. काच बसली, डिंक वाळला, कॅमेरा आपल्या जागी घट्ट झाला. गाडी तिने गॅरेजच्या मागच्या भागात, जिथे जॅक लावत तिथे, दाराकडे तोंड करून उभी केली होती. समोर, दाराच्या बाजूला, फलक उभा केला. टेपने त्याची उंची मोजली, अंतर मोजले, त्याच्या चौकटीवर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला. कॅलिब्रेशनच्या यंत्राने विचारले ते सगळे तिने भरले. जागा समतल आहे का, या प्रश्नापुढे हो केले. थोड्या वेळाने यंत्राचा पडदा हिरवा झाला : नंबर जुळला.

मामा दारात उभे राहून बघत होते. पडदा हिरवा झालेला पाहताच ते बाहेर आवारात गेले, दुसऱ्या टोकाला पोहोचले आणि त्यांनी हात मागे बांधले.

चिमटीने त्यांना समजावून पाहिले. अशा चाचणीसाठी स्पंजाचा माणूस मिळतो, परीक्षक तो घेऊनच येणार आहेत, जिवंत माणसाने उभे राहणे नियमात बसत नाही, असे ती म्हणाली. मामांचे म्हणणे असे की, स्पंजाला भीती वाटत नाही, आणि ज्याला भीती वाटत नाही त्याचे मत ब्रेकच्या बाबतीत काय कामाचे.

“तुझ्या हातावर विश्वास नाही का तुझा?” ते म्हणाले.

तिने गाडी आवारात आणली, सर्वांत कमी वेगावर ठेवली, तातडीने थांबवायचे लाल बटण असलेला रिमोट हातात घेतला आणि अंगठा बटणावर ठेवला. मग गाडीला पुढे जाण्याचा आदेश दिला.

गाडी आवाज न करता निघाली. इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखण्याची सवय असलेल्या माणसाला ही शांतता सर्वांत अवघड जाते. काही घडते आहे हे कानाला कळत नाही, फक्त डोळ्यांपुढचे अंतर कमी होत राहते. वसाहतीच्या या गाड्या माणसापासून दोन हात लांब थांबतात, हे चिमटीने अनेकदा पाहिले होते. कुठल्या क्षणी वेग मंदावायला लागतो तेही तिच्या अंगवळणी पडले होते. तो क्षण आला आणि गाडी मंदावली नाही. तिचा अंगठा खाली जाणार, एवढ्यात गाडीचा वेग उतरला आणि ती थांबली. मामा हलले नव्हते. बंपर आणि त्यांचे पोट यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती.

मामांनी खाली पाहिले, वर पाहिले आणि मान हलवली. त्यांचा चेहरा फुलला होता.

“याला म्हणतात ब्रेक,” ते म्हणाले. “वसाहतीतल्या त्या बाकीच्या गाड्या बघ, कोसभर आधी घाबरून उभ्या राहतात. ही तुझ्या हातची आहे. पास.”

चिमटीने गाडी मागे घेतली. मामा आनंदात होते. त्यांच्या मोजमापाने जी गाडी उत्तम ठरली होती, तीच गाडी बिघडलेली आहे हे तिला दिसत होते.

“मामा, ती उशिरा थांबली.”

“थांबली की नाही?”

“थांबली. पण ब्रेकनं नाही उशीर केला. तुम्ही जिथे उभे होता, त्याच्या मागे उभे आहात असं तिला वाटलं.”

मामांना हे पटले नाही. लागले असते तर ती गोष्ट वेगळी, ते म्हणाले. यंत्र हिरवे म्हणते आहे, दुपारी येणारी बाई यंत्र बघून हिरवे म्हणणार, मग तू एकटीच लाल कशाला? ते चहा पिऊन येतो म्हणून वर घरात गेले.

चिमटीने सगळे पुन्हा केले. टायरमधली हवा पाहिली, कारण एक टायर बसला तर गाडीचे नाक झुकते. हवा बरोबर होती. ब्रेक पाहिले, बरोबर होते. काच आपल्या खाचेत नीट बसली होती. कॅमेऱ्याचा स्क्रू न स्क्रू तिने पुन्हा तपासला. फलक पुन्हा मोजला, जमिनीपासून उंची पुस्तकात होती तितकीच भरली. पुन्हा नंबर काढला. पडदा पुन्हा हिरवा झाला. या वेळी तिने कोणालाही उभे राहू न देता आवारात एक रिकामे पिंप ठेवले. गाडी पुन्हा हातभर अंतरावर थांबली.

दुपारचे जेवण वर घरात झाले. चिमटीने ताटातले चिवडले. मामा मामींना सांगत होते की पोरीने काय ब्रेक बसवलाय, आणि पोरगी म्हणतेय की यात खोट आहे. मामींचे गुडघे गेले होते. त्या एक दिवसाआड टेकडीवरच्या वसाहतीत व्यायामाला जात आणि तिथल्या आतल्या रस्त्यांवर काठी टेकत चालत. त्यांनी दोघांचे ऐकून घेतले.

“मी तिथे रस्ता ओलांडताना मधेच थांबते,” त्या ताट पुढे सरकवत म्हणाल्या. “गुडघा अडतो. कधी निघेल, मलाच माहीत नसतं. गाडीला ते माहीत आहे ना?”

मामा पाणी प्यायले. चिमटी उठून खाली गेली.

ठरल्या वेळी परीक्षक आल्या. चपटे बूट, बारीक आवाज, आणि मनगटावर जुन्या भाजण्याचा वण. गॅरेजमधूनच वर गेलेली बाई, हे मामांनी वण पाहूनच ओळखले आणि त्यांना बसायला आपली स्वतःची खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी काच पाहिली, कॅमेरा पाहिला, चिमटीला प्रश्न विचारले. तिने प्रत्येकाचे उत्तर बरोबर दिले. आपण हे काम किती वेळा केले, निकाल काय आले, हेही तिने सांगितले, पण गाडी उशिरा थांबते हे मात्र लगेच सांगितले नाही. नियमाप्रमाणे चाचणी होणारच होती. ती चाचणीच बोलेल, असे तिने स्वतःला समजावले. ही पळवाट होती आणि ती पळवाट आहे हे तिला कळत होते.

चाचणी आवारात झाली. परीक्षकांनी आणलेला स्पंजाचा माणूस उभा केला गेला आणि त्याच्यापुढे जमिनीवर खडूने एक रेघ ओढली गेली. गाडी रेघेच्या आत आली तर नापास. गाडी निघाली, आणि चिमटीने मनात एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागितल्या : गाडी रेघ ओलांडू दे, म्हणजे ठरवायचे काम माझ्यावर येणार नाही, आणि गाडी रेघेच्या बाहेरच राहू दे. गाडी थांबली. पुढचे चाक रेघेला टेकेल न टेकेल अशा बेताने उभे होते. परीक्षक वाकल्या, चाक आणि रेघ यांच्यामध्ये त्यांनी जाड पुठ्ठ्याची पट्टी सरकवली. पट्टी आत गेली.

“मर्यादेत आहे,” त्या म्हणाल्या.

मामांनी श्वास सोडला तो टायरवाल्यालाही ऐकू गेला असेल.

मंडळी आत आली. परीक्षकांनी घोषणेचा कागद टेबलावर ठेवला आणि पेन चिमटीपुढे केले. ही सही परीक्षेचाच भाग असते, तेव्हा वाचून, विचार करून करावी, एवढेच त्या म्हणाल्या आणि दोन पावले मागे सरकून उभ्या राहिल्या. पेन तिच्या हातात होते. मर्यादेत होते, हे खरे होते. आवारातल्या मुंगीच्या गतीला मर्यादेत होते. वसाहतीच्या उतरत्या रस्त्यावर, खऱ्या वेगात, लांबून दिसलेल्या माणसाबद्दल हीच चूक कितीतरी पटींनी वाढणार होती. हे दुसऱ्या भागाच्या पुस्तकात होते आणि ते प्रकरण तिने पुन्हापुन्हा वाचलेले होते. पण चूक कुठे आहे हेच माहीत नसताना ‘योग्य नाही’ म्हणायचे तरी कशाच्या आधारावर? यंत्र हिरवे, परीक्षक समाधानी, मालक खूश. तिच्याजवळ होता तो फक्त आवारात एका क्षणी अडकलेला श्वास.

मामांच्या लेखी काम संपले होते. आणि त्या गॅरेजमध्ये काम संपले की कोबा धुतला जाई. गिऱ्हाईक समोर असेल तर मुद्दाम, कारण तो कोबा मामांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने घातला होता आणि त्याचा त्यांना गाडीपेक्षा जास्त अभिमान होता. मागची बाजू, जिथे जॅक लागतो ती, काचेसारखी सपाट. तिथून पुढे दारातल्या जाळीपर्यंत ढाळ, असा की पाणी ओतावे आणि विसरावे. एक थेंब साचत नाही, असे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. त्यांनी नळी उचलली, मागच्या भिंतीपासून पाणी सोडले आणि परीक्षकांना ते सांगूही लागले.

चिमटीने कागदावरून नजर वर केली ती पाण्याच्या आवाजाने. सकाळी जिथे गाडीची पुढची चाके होती तिथे डिंकाचे दोन ठिपके पडलेले होते. पाणी त्या ठिपक्यांपर्यंत सावकाश, पसरत आले. तिथे क्षणभर रेंगाळले. मग त्याला वाट सापडली आणि ते पळत सुटले, सरळ, फलकाच्या दोन पायांमधून, जाळीत.

हा कोबा तिने जन्मभर पाहिला होता. त्यावर ती रांगली नव्हती एवढेच. बाकी सगळे केले होते. त्याच्यावरून पाणी वाहते हे तिला माहीत होते आणि तो समतल आहे असे ती सकाळी लिहून मोकळी झाली होती, आणि या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारीशेजारी असूनही एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. परक्या जागेत गेली असती तर तिने सर्वांत आधी जमिनीवर पाणसळ ठेवली असती. आपल्या पायाखालची जमीन मोजावी लागते, हे मामांनी शिकवले नव्हते, कारण त्यांनाही ते कोणी शिकवले नव्हते.

तिने पेन ठेवले. टेबलाखालून पाणसळ काढली, ओल्या कोब्यावर गुडघे टेकले आणि फलकापाशी जमिनीवरच ती ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. मग तिने चाकांच्या ठिपक्यांपासून फलकापर्यंत दोरी समतल धरली, मामांना तिचे मागचे टोक जमिनीला टेकवून धरायला सांगितले, आणि फलकाखाली दोरी व जमीन यांच्यामधल्या फटीत हात घातला. चार बोटे आत गेली. फलकाची उंची तिने जमिनीपासून मोजली होती, पण ज्या जमिनीपासून मोजली ती गाडीच्या जमिनीपेक्षा चार बोटे खाली होती. गाडीला सरळ समोरची रेषा तेवढी खाली आहे असे शिकवले गेले होते, आणि पाय त्या रेषेच्या जितके जवळ तितका माणूस दूर, या हिशेबाने समोरचा माणूस तिला होता त्याहून लांब दिसत होता.

“मी सही करत नाही,” ती म्हणाली. “नंबर चुकलाय. जमीन समतल नाही, आणि मी आहे असं लिहिलंय.”

मामांच्या हातातून दोरी सुटली. “माझ्या कोब्यात खोट नाही,” ते म्हणाले, आणि हे त्यांनी परीक्षकांकडे पाहून म्हटले.

“खोट नाहीच, मामा. तुम्ही पाण्यासाठी घातलात. पाण्यासाठी तो बरोबर आहे.”

परीक्षकांनी वाकून बुडबुडा स्वतः पाहिला. नंतर त्यांनी सांगितले की सही नसेल तर काम अपूर्ण धरले जाते, आणि अपूर्ण काम म्हणजे संधी वापरली गेल्यातच जमा. नियम असा आहे आणि तो त्यांना बदलता येत नाही. समतल जागेची खात्री हा कामाचा पहिला टप्पा होता, तो चुकला होता, तेव्हा उमेदवाराला उत्तीर्ण म्हणताही येत नाही. पण अहवालात, उमेदवाराने स्वतःच चूक शोधून गाडी रोखली, असे त्या लिहितील. त्याचा उपयोग किती होईल, ते त्या सांगू शकत नव्हत्या. निघताना दारातल्या जाळीपाशी त्या थांबल्या.

“मर्यादेत होती ती,” त्या म्हणाल्या. “मी पास केली असती.”

“हो,” चिमटी म्हणाली.

वसाहतीच्या गाड्या मोठ्या केंद्राकडे गेल्या. व्यवस्थापकाने फोनवर पुन्हा गोड शब्द वापरले. गॅरेजमध्ये जुन्या गाड्या आणि त्यांची जुनी माणसे उरली. मामा काही दिवस तिच्याशी कामापुरतेच बोलले. जेवताना मामींनी एकदा तो विषय काढला, तेव्हा ते म्हणाले की सगळ्या जगाने आपापले पाणी जागच्या जागी साचवून ठेवायचे ठरवले आहे, तर ठेवू दे. मामींनी त्यांना भात वाढला आणि म्हणाल्या, “मी परवा तिथे रस्त्यात थांबले होते. गाडी लांब उभी राहिली. बरं वाटलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटीने शटर उघडले तेव्हा आत ठोकण्याचा आवाज होता. मामा आधीच येऊन, मागच्या दाराने शिरून, पहार घेऊन कोबा फोडत होते. सुरुवात त्यांनी दाराजवळून, जिथे ढाळ सर्वांत जास्त होता तिथून केली होती. कोबा चांगल्या हाताचा होता. सहजी फुटत नव्हता. तिने दुसरी पहार घेतली. दोघांनी मिळून तो काढला, आणि नवा घालताना प्रत्येक हातावर पाणसळ ठेवायची जबाबदारी मामांनी स्वतःकडे घेतली. बुडबुडा मधोमध आला की तेच तिला बघायला बोलावत, जणू बुडबुडा त्यांनी घडवला होता.

चिमटी पहिल्या भागापासून पुन्हा बसली. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्यासाठी त्याच परीक्षक येतात की दुसऱ्या कोणी, याची उगीच धाकधूक होती. त्याच आल्या. वसाहतीने एक गाडी पाठवली होती. एकच, आणि तीही बघू म्हणून. परीक्षक येण्याआधी, सकाळी, नवीन जमिनीवर नंबर काढला, पडदा हिरवा झाला, आणि चिमटी काही म्हणायच्या आत मामा आवाराच्या टोकाला जाऊन हात मागे बांधून उभे होते. या वेळी तिने त्यांना अडवले नाही. फक्त अंगठा बटणावरून काढला नाही.

गाडी निघाली. तो क्षण आला, आणि त्याच क्षणी ती मंदावली. दोन हात लांब थांबली.

मामांनी मधल्या जागेकडे पाहिले. कपाळाला आठ्या पडल्या.

“यातून म्हैस जाईल,” ते म्हणाले.

“जाऊ दे,” चिमटी म्हणाली. “तिलाही लागायला नको.”

मामांनी आणखी थोडा वेळ घेतला. मग मान हलवली.

दुपारी परीक्षकांनी कागद पुढे केला. चिमटीने वाक्य वाचले, आधी वाचलेले असूनही पूर्ण वाचले, आणि सही केली. मागे मामांनी नळी सोडली होती. पाणी चाकांच्या जागेपर्यंत आले आणि तिथेच राहिले. कुठेही गेले नाही. मामा त्याच्याकडे बघत उभे होते. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या गॅरेजमध्ये पाणी साचले होते. त्यांनी नळ बंद केला, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि परीक्षकांच्या चपट्या बुटांना ओल लागू नये म्हणून, पाय जरा उचला असे सांगत, ते पाणी दाराकडे लोटू लागले.